तोंड, स्तन, गर्भाशयमुख : एक महाशिबिर की दर मंगळवार?

तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्यांचं तोंड आणि बायकांचे स्तन व गर्भाशयमुख कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासायचं, हे २०१६ पासून सरकारी धोरण आहे. ते का, हे पुन्हा सांगत नाही. प्रश्न एवढाच, की मांडव घालून एका दिवसात दोनशे जण उरकायचे, की उपकेंद्रात दर मंगळवारी पंधरा-वीस बघायचे.

शिबिरात तज्ज्ञ एका जागी मिळतात, आणि मुख्य म्हणजे पुरुष येतात. एरवी उपकेंद्राची पायरी न चढणारे तंबाखूवाले बाजाराच्या दिवशी मांडवात मुकाट तोंड उघडतात. कवळी काढायला लावायची, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली बघायचं, तीन बोटं उभी आत जातात का पाहायचं. मशेरी लावणाऱ्या बायकांना वगळायचं नाही. नुसतं तोंडच तपासायचं असेल तर मीही शिबिरच म्हणेन.

गाडी अडते ती व्हीआयएपाशी, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य आम्लाचं द्रावण लावून पांढरा डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी बघायच्या तपासणीपाशी. द्रावण ५ टक्के : ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, त्याच दिवशी केलेलं. मूळ अ‍ॅसिड तसंच लागलं तर भाजतं, म्हणून ती बाटली तपासणीच्या टेबलावर नकोच. बोळा लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं. बाहेर रांग लांबली की ते मिनिट आखडतं, आणि पांढरा डाग उमटण्याआधीच ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. स्पेक्युलम (गर्भाशयमुख दिसावं म्हणून योनीत घालायचं उपकरण) ०.५ टक्के क्लोरीनमध्ये १० मिनिटं, मग धुऊन २० मिनिटं उकळायचे, गार करायचे. वीस स्पेक्युलमवर एका दिवसात एवढ्या बायका कशा होणार?

जादा सामान आणून हेही निभावेल. मला खटकतं ते ‘पुढच्या वेळी या’. पाळी चालू असलेली बाई परत जाते. गर्भाशयमुखाला सूज असेल तर आधी औषध, मग पुन्हा तपासणी. पाळीआधी स्तन गाठाळ लागले तर पाळीनंतर आठवड्याने परत चाचपावे लागतात (टणक, स्पष्ट गाठ असेल तर वाट न बघता पुढे पाठवायचं). टोकदार दातामुळे गालाला जखम असेल तर दाताचं टोक बोथट करून घेऊन जखम दोन आठवड्यांनी पाहायची. तिन्ही तपासण्यांत ‘परत या’ आहेच, आणि मांडव तर संध्याकाळी उतरतो. नोंदवहीतला मोबाइल बहुधा मुलाचा निघतो. उपकेंद्रात नर्सताई म्हणतात, “पुढच्या मंगळवारी या हं,” आणि नाही आली तर आशाताईंना घर ठाऊक असतं.

उपकेंद्रात तज्ज्ञ नसतात, हा आक्षेप रास्त वाटतो. पण टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या वस्त्यांमधल्या अभ्यासात दहावी झालेल्या, प्रशिक्षित बायकांनीच दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या व्हीआयए केलं, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने केलेल्या स्तनतपासणीचा फायदा तिथे पन्नाशीनंतर ठळक दिसला. व्हीआयएचं मात्र उलट : पन्नाशीनंतर बघायचा भाग आत सरकतो, तिथे एचपीव्ही चाचणी (या कर्करोगामागचा विषाणू शोधणारी) बरी. तिचा रिपोर्ट मागाहून येतो, म्हणजे परत बोलावणं आलंच.

शिबिराची पत्रकं छापून झाली असतील तर निदान पुढचे दोन मंगळवार उपकेंद्राशी आधी ठरवून घ्या, आणि परत बोलावलेल्या प्रत्येकीच्या चिठ्ठीवर ती मांडवातून निघण्यापूर्वी तारीख घाला.