टेक्सास सेज, अकरा महिन्यांनंतर: तीन लावली, दोन राहिली

गेल्या दिवाळीनंतर तीन रोपं आणली. नर्सरीवाला म्हणाला, रोज पाणी घाला. शेजारचे मामा कुंपणापलीकडून म्हणाले, "नीर भाळ हाकब्याड्री." म्हणजे पाणी जास्त घालू नका. मी नर्सरीवाल्याचं ऐकलं.

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात, कृष्णेपासून लांबच्या कोरडवाहू पट्ट्यात. मार्च लागला की बोअर धापा टाकतं. म्हणून हे झाड निवडलं. मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचं, शास्त्रीय नाव ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स. पानांवर बारीक पांढरी लव असते; ती ऊन परतवते, पानातलं पाणी लवकर उडू देत नाही. त्यामुळं झाड कायम विभूती फासल्यासारखं दिसतं. आईला वाटायचं धूळ बसलीय. एकदा पदरानं पान पुसत बसलेली दिसली, "निघंना बघ ही," म्हणत.

दोन रोपं मुरमाच्या उंचवट्यावर लावली, तिसरं पन्हाळीजवळ काळ्या मातीत. एप्रिल-मे तिघांनीही काढला. तोवर मलाही अक्कल आली होती, पंधरवड्याला एक बादली, बास. पण ऑगस्टच्या झडीत पन्हाळीजवळचं रोप चार दिवसांत मान टाकून बसलं. उपटलं तर मुळं काळी पडलेली, बोटानं दाबली की साल हातात. काळी माती भिजली की लवकर वाळत नाही, ते याला सोसत नाही. चुनखडीची मला उगाच धास्ती होती. तसली जमीन याला उलट मानवते.

आता फुलांचं. सहा महिने एक कळी नाही, पैसे पाण्यात गेले म्हणून मी गप्प होतो. मेच्या शेवटी वळीव झाला आणि पाच-सहा दिवसांत मुरमावरची दोन्ही झाडं जांभळी झाली. फूल बोटाच्या पेराएवढं, घंटेसारखं, आत घशाशी ठिपके. मधमाश्या सकाळपासून. हवेत दमटपणा वाढला की फुलतं, म्हणून इंग्रजीत याला बॅरोमीटर बुश म्हणतात. बहर आठ-दहा दिवसांचा, नंतर पुन्हा राखाडी. आतापर्यंत तीनदा आला. वर्षभर रोज फूल पाहिजे असेल तर जास्वंद लावा.

एका झाडाला हौसेनं शेणखत घातलं. ते लांबट वाढून आडवं पडलं, फुलंही कमी; शेवटी वरून हलकं छाटलं. दुसऱ्याला काहीच दिलं नाही, ते कमरेएवढं आणि गच्च आहे. सावलीत लावू नका. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या मंडळींनी तर नादालाच लागू नये, तिथला पाऊस याला दोन महिन्यांत कुजवेल. बेळगाव शहरात करायचंच तर कुंडीत, भरपूर मुरूम-खडी घालून, पावसाळ्यात पत्र्याखाली.

आईची तक्रार कायम आहे: फूल तोडलं की देवापर्यंत जाईतो गळतं. तिसऱ्या खड्ड्यात तिनं कण्हेर लावलीय.