कामशेतचं टँडम पॅराग्लायडिंग, ठाण्याहून एका दिवसात: पैसे नेमके कशाचे द्यायचे

दिवाळी संपली की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘एक दिवसाचं पॅराग्लायडिंग’ फिरायला लागतं. तीन हात नाका, ऐरोली, वाशी, कळंबोली असा पिकअप, कामशेतला उड्डाण, जेवण, व्हिडिओ आणि रात्री घरी. पहिल्यांदा उडणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरासाठी कामशेत खरंच सोयीचं आहे आणि चांगल्या हातात पडलात तर पैसे वसूल होतात. मात्र जाहिरातीत मिनिटं, जेवण, व्हिडिओ असं जे मोठ्या अक्षरात असतं, त्यावरून सेवा कशी आहे हे कळत नाही. ते कळतं दोन गोष्टींवरून: पायलट तुम्हाला बांधतो कसा, आणि वारा बरोबर नसेल तेव्हा ‘आज नाही’ म्हणायची मुभा त्याला आहे का.

आधी मिनिटांचं बघू, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. टँडम ग्लायडर, म्हणजे पायलट आणि प्रवासी दोघांना घेऊन उडणारं कापडी छत, स्थिर हवेत सेकंदाला साधारण सव्वा मीटर खाली येतो. उतरायची जागा शंभर मीटर खाली असेल तर ऐंशी सेकंदांत पाय जमिनीला लागतात. मग जाहिरातीतली दहा-पंधरा मिनिटं येतात कुठून? वाऱ्यातून. समोरून येणारा वारा डोंगराच्या अंगावर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या पट्ट्यात पायलट इकडून तिकडे फेऱ्या मारत राहतो. वारा पडला की पट्टा संपला. म्हणून ‘पंधरा मिनिटं नक्की’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापेक्षा ‘वारा असेल तर दहा-बारा, नसेल तर दोन-तीन’ असं सांगणारा माणूस भरवशाचा. त्याला पुढचा प्रश्न विचारा: दोन-तीनच मिनिटं झाली तर काय? पुन्हा उडवणार, काही रक्कम परत देणार की काहीच नाही, हे बुकिंगच्या वेळी मेसेजवर लिहून घ्या.

उड्डाणाच्या दोनच वेळा धरायच्या, सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर. मधल्या वेळात जमीन तापते, गरम हवेचे झोत उठतात आणि ग्लायडर हिंदकळतो. अनुभवी पायलट त्याच हवेत एकट्याने मजेत उडतात, पण पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात ढवळतं. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सौम्य. ऑक्टोबरात भात अजून उभा असतो, त्यामुळे उतरायला मोकळी खाचरं कमी मिळतात, हेही लक्षात ठेवा.

आता पॅकेजचं गणित. संध्याकाळची उडता येण्याजोगी वेळ दोन, फार तर अडीच तास. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एका पायलटला एक फेरी म्हणजे बांधणं, उडणं, खाली उतरणं, ग्लायडर गोळा करणं आणि जीपने पुन्हा वर येणं. यात पाऊण तास सहज जातो. म्हणजे एका संध्याकाळी एका पायलटच्या तीन, जमलं तर चार फेऱ्या. पंधरा माणसांची टेंपो ट्रॅव्हलर आणि तीन पायलट असतील तर पाच फेऱ्या हव्यात, आणि त्या बसत नाहीत. मग शेवटच्या चार-पाच जणांना एकतर घाईत बांधतात, नाहीतर अंधार पडताना उडवतात. घाई ही या खेळातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्यामुळे बुकिंग करताना ‘किती माणसं’ याच्याबरोबर ‘किती पायलट’ हे विचारायचंच. एका पायलटमागे तीनपेक्षा जास्त माणसं असतील तर दुसरा दिवस घ्या.

आमचा कल थेट कामशेतच्या पायलटशी किंवा स्कूलशी बोलून स्वतः जाण्याकडे आहे. गाडीने ठाण्याहून पहाटे निघालात तर कळंबोली, एक्सप्रेसवे, लोणावळ्याला बाहेर पडून जुन्या महामार्गाने कामशेत, दोन-अडीच तासांत पोहोचता. शनिवारी सकाळी उशीर केलात तर खंडाळ्याच्या घाटातच वेळ जातो. ठाणे, कल्याणवाल्यांना रेल्वे उत्तम: पहाटेची इंद्रायणी लोणावळ्यापर्यंत, पुढे पुण्याची लोकल, मळवलीनंतरचं स्टेशन कामशेत. नवी मुंबईतून गाडीच बरी. स्वतः गेल्याचा फायदा असा की वारा यायची वाट बघता येते. पॅकेजच्या गाडीला परतीची वेळ असते आणि वाऱ्याला ती माहीत नसते. डोंगरावर दोन-तीन तास नुसतं बसून राहणं हा या खेळाचा नेहमीचा भाग आहे. पायलट बसवून ठेवतोय म्हणजे तो काम करतोय.

परवान्याचंही बोललं पाहिजे. महाराष्ट्र सरकारच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. त्याबरोबर पायलटचं टँडमचं प्रमाणपत्रही मागा, कारण एकट्याने उडण्याचं आणि माणूस घेऊन उडण्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं. एपीपीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचं कार्ड असेल तर त्यावर टँडम असं स्पष्ट लिहिलेलं असतं. यात कुणाचा अपमान होत नाही, चांगले पायलट विचारल्याबरोबर फोनमध्ये दाखवतात. 2025 च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेली पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट दोघेही दगावले, आणि तो उपक्रम परवान्याशिवाय चालत असल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. कागद मागायला इतकं कारण पुरे.

डोंगरावर पोहोचलात की तुमचं वजन विचारतात. खरं सांगा. टँडम ग्लायडर सुमारे चाळीस चौरस मीटरचा असतो आणि त्याला एकूण वजनाची मर्यादा असते, बहुतेकांना दोनशे ते दोनशेवीस किलोच्या आसपास. तुम्ही पंच्याण्णव, पायलट सत्तर, आणि ग्लायडर, दोन हार्नेस (अंगाला बांधायची पट्ट्यांची बैठक), अडचणीत उघडायचं रिझर्व्ह पॅराशूट मिळून पंचवीस धरले की एकशे नव्वद झाले. संकोचाने दहा किलो कमी सांगितलेत तर पायलटचा धावण्याचा आणि वेगाचा अंदाज चुकतो, कारण जड जोडीला उचलायला जास्त वेग आणि जास्त पळणं लागतं.

ग्लायडर पसरलेला असतो तेव्हा जवळ जाऊन बघा, पायलटची परवानगी घेऊन कापड हातात धरा. नवं कापड चुरचुरतं. उन्हाने गेलेलं कापड जुन्या धोतरासारखं मऊ पडलेलं असतं आणि त्यातून हवा झिरपते. ठिकठिकाणी चिकटपट्ट्या असतील तर कारण विचारा. छोटं छिद्र नीट चिकटवलेलं चालतं, पण शिवणीजवळची फाटाफूट नाही. रिझर्व्ह शेवटचा कधी उघडून घडी घातला तेही विचारा. सहा महिने ते वर्षभरात ते व्हायला हवं. ‘डोंगर कमी उंचीचा आहे, रिझर्व्हची गरजच नाही’ हे उत्तर ऐकलंत तर परत फिरा. खरं तर कमी उंचीवर रिझर्व्हला उघडायलाच वेळ अपुरा मिळतो, म्हणून तिथे वारा आणि उड्डाणाचा निर्णय आणखी काटेकोर लागतो. कमी उंची म्हणजे कमी धोका हा समज चुकीचा आहे.

बांधणं. इथे घाई करू देऊ नका. प्रवाशाच्या हार्नेसला दोन मांडीचे पट्टे आणि छातीचा एक पट्टा असतो. काही हार्नेसमध्ये मांडीचे आणि छातीचे पट्टे एकाच बकलात येतात, म्हणजे एक विसरून दुसरा लावताच येत नाही. ही रचना जास्त चांगली. सगळ्यात आधी हेल्मेट, मग मांडीचे पट्टे, छातीचा नंतर. सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे मांडीचे पट्टे उघडे राहणं, कारण जमिनीवर उभं असताना ते उघडे असल्याचं जाणवतही नाही. छातीचा पट्टा लागलेला, हेल्मेट लागलेलं, सगळं ठीक वाटतं. पाय सुटले की माणूस खाली घसरतो. 2024 च्या फेब्रुवारीत कुल्लूजवळ डोभीला एका पर्यटक महिलेचा टँडममधून पडून मृत्यू झाला, तेव्हा पट्टे नीट न बांधल्याचं कारण पुढे आलं होतं. म्हणून दोन्ही हात मांड्यांवर फिरवून दोन्ही बकल स्वतः ओढून बघा आणि पायलटला मोठ्याने सांगा: ‘डावा लागला, उजवा लागला.’ मग खांद्याजवळचे दोन मोठे कॅराबिनर, म्हणजे तुम्हाला ग्लायडरला जोडणाऱ्या धातूच्या कड्या: त्यांचं तोंड पूर्ण बंद झालंय आणि कुलूप फिरलंय हे डोळ्यांनी बघा. पायलटने तुम्हाला जोडल्यावर मध्येच त्याला फोन आला किंवा कुणी हाक मारली, तर परत पहिल्यापासून तपासायला सांगा.

उड्डाण म्हणजे उडी मारणं नव्हे. हे सुरुवातीलाच डोक्यात बसवलं की निम्मं काम झालं. पायलट मागे, तुम्ही पुढे. तो ग्लायडर उचलतो तेव्हा मागून जोराचा ओढा बसतो आणि माणूस आपोआप मागे झुकतो किंवा थांबतो. तिथेच उड्डाण बिघडतं. छाती पुढे, नजर समोर लांब, आणि ओढा कितीही आला तरी पाय पुढे टाकत राहायचं. ‘चाला’ म्हटलं की चाला, ‘पळा’ म्हटलं की पळा, आणि पायाखालची जमीन सुटली तरी हवेत पाय हलत राहिले तरी चालतील. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दोन पावलं पळून खुर्चीत बसल्यासारखं बसणं. तेवढ्यात ग्लायडरने पुरेसं वजन उचललेलं नसतं, सगळा भार पायलटच्या पायांवर येतो आणि दोघंही उतारावर घासत जातात. दुसरी चूक, घाबरून मिळेल ती दोरी धरणं. ब्रेकच्या दोऱ्या आणि रायझर (ग्लायडरच्या दोऱ्या खाली ज्यांना येऊन मिळतात ते पट्टे) पायलटचे आहेत. तुमचे हात तुमच्या हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्यांवर. वारा अगदीच नसेल तर जास्त पळावं लागतं, आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर गेला तर बहुतेक पायलट टँडम थांबवतात. वारा डोंगराच्या पाठीमागून येत असेल तर उडायचंच नाही, वाऱ्याची दिशा दाखवणारी विंडसॉक कितीही हलकी हलत असली तरी.

वर गेल्यावर ‘बसा’ म्हणतात, तेव्हा हात मांडीखाली घालून फळी पुढे ओढली की नीट बसता येतं. मग काही करायचं नसतं. ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरचा वारा तोंडावर, खाली खाचरांचे हिरवे-पिवळे तुकडे, आणि हवा स्वच्छ असेल तर मावळातल्या किल्ल्यांच्या माथ्यांच्या रेषा. हे सुंदर आहे, आणि पहिल्यांदा उडणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी उजळतो तो उगाच नाही. घाटात गाडी लागते त्यांनी पायलटला आधीच सांगावं, म्हणजे तो गिरक्या घेणार नाही. पोटात हलके पोहे बरे, मिसळ खाली उतरल्यावर. व्हिडिओचे साधारण पाचशे रुपये वेगळे घेतात. कॅमेऱ्याची काठी पायलटची असेल आणि मनगटाला दोरीने बांधलेली असेल तरच घ्या. स्वतःचा मोबाईल चेन असलेल्या खिशात, चेन बंद.

उतरताना दोन पद्धती आहेत. काही पायलट ‘उभे राहा’ म्हणतात आणि दोघं चार पावलं पळून थांबतात. काही ‘पाय वर’ म्हणतात आणि हार्नेसखालच्या गादीवर घसरत बसतात. कोणती ते उडण्याआधी विचारून घ्या. पाय ताठ करून जमिनीला लावणं हा घोटा मुरगळण्याचा हमखास मार्ग आहे, त्यात कापलेल्या भाताची धसकटं आणि खाचरांचे बांध असतात. म्हणून घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण पॅन्ट. चप्पल, ओढणी, सैल कुर्ता नको. चष्म्याला मागून दोरी.

पाठीच्या मणक्याचा त्रास, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर जाऊ नका. अपघात विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, तेव्हा पॉलिसीतली ती ओळ वाचून ठेवा.

किंमत साधारण अडीच ते साडेतीन हजार. लांब उड्डाणाची हौस असेल तर कामशेत त्यासाठी नाही. हिमाचलातल्या बीड-बिलिंगला उड्डाणाची जागा सुमारे 2400 मीटरवर आणि उतरायची त्याहून हजारेक मीटर खाली, त्यामुळे वारा नसतानाही दहा-बारा मिनिटं सहज मिळतात. 2015 च्या पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची एक फेरी तिथे झाली ती त्या उंचीमुळे आणि तिथल्या हवेमुळे. पण फक्त ‘मला जमेल का’ हे बघायला ठाण्याहून हिमाचल गाठायची गरज नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मंगळवार ते गुरुवारमधला दिवस निवडा, आदल्या रात्री पायलटला फोन करून वाऱ्याचा अंदाज विचारा, आणि संध्याकाळचं उड्डाण वाऱ्याने हुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळचा प्रयत्न करता यावा म्हणून कामशेतमध्येच मुक्कामाची सोय करून ठेवा.