परसातले हिवाळी पाहुणे आणि मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

नोव्हेंबरात, पक्षी सप्ताहाच्या सुमारास घेतलेला कॅमेरा आता मार्च सरेपर्यंत जवळजवळ रोज हाताळून झाला आहे. ब्रिज कॅमेरा म्हणजे लेन्स न बदलता येणारा, पण दीड-दोन हजार मिलिमीटरच्या तोडीचा झूम देणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालचे गुणदोष या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

आधी निकाल सांगतो : पक्षी ओळखायला झकास, फोटो मोठा छापून भिंतीवर लावायला बेताचा.

कारण सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चिप. तो जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे मोठ्या ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाचा. त्यात पूर्ण झूमला लेन्सचं छिद्रही बारीक होतं. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० च्या वर गेलं की पिसांचा पोत माखल्यासारखा दिसतो. शिवाय सकाळी दहानंतर शेजारच्या पत्र्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबचा फोटो कितीही महागड्या स्टँडवरून काढला तरी मऊच येतो. म्हणून झूम आहे म्हणून वापरायचा नाही. पक्षीच जवळ यावा अशी सोय करायची.

ती सोय केली मातीच्या परळाने. खोली दोन बोटं, मध्ये एक खरबरीत दगड, शेजारी जास्वंदीचं झुडूप. वर टांगलेल्या बाटलीला सलाईनची नळी लावून थेंबथेंब पाणी सोडलं, आणि सगळ्यात जास्त फरक त्या ठिबकण्याने पडला. धान्य ठेवून पाहायच्या फंदात पडू नका, नुसती पारव्यांची खानावळ होते. हिवाळ्यात स्थलांतर करून येणाऱ्या पाहुण्यांपैकी बरेचसे किडे खाणारे, त्यांना दाण्यांशी काय देणंघेणं? पाणी मात्र रोज बदला, डासांसाठी.

आमचं परस पश्चिमेला आहे. सकाळी घराची सावली परळावरून सरकली की ऊन पाठीमागून थेट पक्ष्यावर पडतं. खिडकीच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी, तिच्यावर कॅमेरा, पडदा अर्धा ओढलेला. अर्ध्या झूमला, शटर १/५०० सेकंदापेक्षा जलद ठेवून मिळालेले फोटो पूर्ण झूमच्या फोटोंपेक्षा कितीतरी सरस आहेत.

सगळ्यात मोठी वसुली लाल कंठाच्या माशीमाराने करून दिली. पेरूखालच्या सावलीत तो शेपटी वर झटकत बसतो, तेव्हा बुडाशी दोन्ही बाजूंचा पांढरा रंग दिसतो. मादीला आणि कोवळ्या नराला लाल कंठ नसतोच. त्याचा जवळचा भाऊ तैगा माशीमार दिसायला इतका सारखा की नुसत्या डोळ्यांनी वाद मिटत नाही; फोटो मोठा करून चोचीच्या खालच्या भागाचा फिकट रंग पाहिला तेव्हा हा लाल कंठाचाच अशी खात्री पटली. थिरथिरा त्या मानाने सभ्य. कुंपणाच्या भिंतीवर ठरलेल्या जागी येतो, शेपूट थरथरवत बसतो. भिंत उन्हात असली तर एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर त्याचा काळा भाग नुसता डाग होतो.

पर्णवटवट्यांपुढे मात्र कॅमेरा हात टेकतो. शेवग्याच्या पानांत फोकस मागेपुढे भटकत राहतो आणि तेवढ्यात स्वारी पुढच्या फांदीवर. तिथे पक्षी ओळखणारं मर्लिन ॲपच बरं. फुकट आहे, भारतातल्या पक्ष्यांचा संच एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय आवाजावरून नाव सुचवतं. पण सुचवतं एवढंच. आमचा कोतवाल शिक्र्याच्या, म्हणजे एका शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत नोंद नाही.

फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेला या फोटोंचा खरा उपयोग झाला. किमान १५ मिनिटं बसून यादी करायची आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. भारतात हे २०१३ पासून चालू आहे. शंकेच्या नोंदीला फोटो जोडता येतो, आणि तिथे पिसांचा पोत कोणी विचारत नाही.

किरकोळ तक्रारी : वजन किलोच्या आसपास. सलग फोटोंचा एक झपाटा मारला की कार्डावर लिहून होईपर्यंत हात बांधलेले. दुसरी बॅटरी लागतेच.

अजून काहीच घेतलं नसेल तर आधी ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण घ्या, कॅमेरा पुढच्या हिवाळ्याला. आणि घेतलाच तर पावसाळ्यात तो सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. लेन्स काढता येत नसल्याने आत बुरशी धरली की दुरुस्ती खर्चाची पडते.