‘बीटी’ शेवंतीची रोपे: रोप चांगले, टॅग खोटा

साताऱ्याजवळ महामार्गालगतच्या एका रोपवाटिकेतून यंदा शेवंतीची रोपे घेतली. पिशवीवर ‘बीटी, कीडप्रतिकारक’ (म्हणजे कीड रोखण्यासाठी जनुकीय बदल केलेली) असा छापील टॅग होता आणि त्यासाठी साध्या शेवंतीच्या दुप्पट दर आकारला गेला. रोपांबद्दल मात्र तक्रार नाही. मुळे पांढरी आणि भरगच्च होती, पेरे आखूड होते आणि शेंडा खुडल्यावर फुटवेही जोमाने आले.

तक्रार आहे ती टॅगची. भारतात व्यावसायिक लागवडीत आलेले जनुकीय बदलाचे पीक एकच, २००२ मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस. बीटी वांगे तर २०१० पासून स्थगितीत आहे. अशी रोपे विकायची तर १९८९ च्या नियमांनुसार केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते, आणि ती मिळालेली बीटी शेवंती आपल्या बाजारात नाही. जपानमधील संशोधकांनी अशी शेवंती प्रयोगशाळेत तयार केली, पण तीही अळीला रोखण्यासाठी. बाजारात पोहोचलेली जनुकीय बदलाची फुले, म्हणजे जांभळट कार्नेशन किंवा जपानचा ‘निळा’ गुलाब, रंगासाठी घडवलेली आहेत, किडीसाठी नव्हे.

क्षणभर टॅग खरा मानला तरी उपयोग बेताचाच. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूच्या विषारी प्रथिनाचे जनुक. अळीने पान कुरतडले की ते प्रथिन तिच्या आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडते. शेवंतीला खरा जाच मावा आणि फुलकिड्यांचा. मावा पान खात नाही, सोंड खुपसून रस शोषतो, त्यामुळे कपाशीतल्या बीटी प्रथिनाची त्याला फारशी बाधा होत नाही. कळ्या धरताच माझ्या ‘कीडप्रतिकारक’ रोपांचे कोवळे शेंडे माव्याने काळे पडले, खालची पाने चिकट झाली आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली. शेवटी पाण्याचा जोरदार फवारा, निंबोळी अर्क आणि पिवळे चिकट सापळे यांनीच काम केले.

विचारणा केली तेव्हा ‘वरूनच असं छापून येतं, साहेब’ एवढेच उत्तर मिळाले. बिलावर तर नुसते ‘शेवंती रोप’ लिहिलेले आहे. तिथे बीटी आठवत नाही, हे विशेष. रोपे निवडून घेऊ देतात, पिशव्या नीट बांधून देतात, माळीही जाणकार आहे. तेव्हा शेवंती येथून जरूर घ्यावी, पण टॅग नसलेल्या वाफ्यातली आणि साध्या दराने.