डिस्नेच्या प्रिन्सेस पिक्चर्सचं कलेक्शन : काय दाखवावं आणि काय घेऊ नये

स्नो व्हाइट (१९३७) पासून मोआना (२०१६) पर्यंत डिस्नेचे प्रिन्सेसवाले पिक्चर ओळीने बघून काढले आणि बघताना एकाच गोष्टीवर लक्ष ठेवलं, राजकन्येला बोलायला किती मिळतं. ती दिसते कशी, शेवटी लग्न होतं का, यावर सगळेच बोलतात, पण "चांगली मुलगी म्हणजे कशी" हे त्या पिक्चरच्या डोक्यात काय आहे ते तिच्या तोंडी काय दिलंय यावरून जास्त कळतं असं मला मनापासून वाटतं.

जुन्या तिघींना सगळे नावं ठेवतात. स्नो व्हाइट परक्या घरात शिरते आणि लगेच झाडलोटीला लागते, सिंड्रेला निमूटपणे सोसत राहते, स्लीपिंग ब्युटीतली (१९५९) अरोरा जागी असते तेव्हाही मोजकंच बोलते. हे खरंच आहे. पण कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहावर या दोघी भाषेच्या अभ्यासक, त्यांनी या पिक्चर्समधले शब्द मोजले तर स्लीपिंग ब्युटीमधले ७१ टक्के शब्द बायकांचे निघाले, कारण तिथे तीन पऱ्या आहेत, शाप देणारी खलनायिका मॅलेफिसंट आहे, सगळ्या भरपूर बोलतात. पुढे "मॉडर्न" राजकन्या आल्या आणि आकडा उलटा फिरला! लिटल मर्मेडमध्ये (१९८९) ६८ टक्के शब्द पुरुषांचे, अलादीनमध्ये (१९९२) ९०, आणि मुलान (१९९८) अख्खा देश वाचवते तरी ७७. कारण असं की हिरोईन एकटी धीट दाखवली, पण तिच्या आजूबाजूचे बाप, सैनिक, दुकानदार, ड्रॅगन, खेकडा, पोपट सगळे पुरुषच ठेवले. म्हणजे धाडसी मुलगी ही इतर बायकांपासून वेगळी पडलेली मुलगी, असा अर्थ होतो, आणि तो मला अजिबात पटत नाही.

लिटल मर्मेडमधल्या एरियलबद्दल मात्र थोडं थांबा. तिने राजपुत्रासाठी आवाज दिला म्हणून तिला झोडपतात, पण जमिनीवर जायची ओढ तिला एरिकला बघायच्या आधीपासून असते, माणसांच्या वस्तू तिने गुहाभर जमवलेल्या असतात. आणि जमिनीवरच्या पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत हे तिला पटवून देते ती अर्सुला, म्हणजे व्हिलन. पिक्चर स्वतः ते बरोबर मानत नाही, मुलांसोबत बघणार असाल तर तेवढं त्यांच्याशी बोला.

माझ्या मते सगळ्यात भारी आहे तो पिक्सारचा, म्हणजे डिस्नेच्याच मालकीच्या स्टुडिओचा, ब्रेव्ह (२०१२). स्वयंवरासारखी धनुर्विद्येची स्पर्धा असते आणि राजकन्या मेरिडा स्वतःच उतरते, लग्नासाठी स्वतःलाच जिंकायला, घट्ट ड्रेसमध्ये हात हलत नाही म्हणून तो शिवणीवर टराटरा फाडते आणि मग बाण सोडते. पण मला त्याहून आवडला तो नंतरचा सीन. आई एलिनॉर, जी आयुष्यभर मुलीला "राजकन्येने असं वागावं, तसं वागावं" सांगत आली, ती जादूने अस्वल झालेली असते, बोलता येत नाही. मेरिडा भरल्या दरबारात उभी राहून बोलते आणि मागून ही अस्वल आई नुसत्या हातवाऱ्यांनी सुचवत असते, मुलांना जोडीदार स्वतः निवडू दे. परंपरेसाठी अडून बसलेली बाई मुलीच्या तोंडून आपला शब्द मागे घेते, आणि कोणीच हरत नाही. आईला खलनायिका न करता हे दाखवणं खूप अवघड आहे.

आता वस्तूंबद्दल. डबे, दप्तरं, बाहुल्या यावरचं काम मला फार खटकतं. २०१३ मध्ये याच मेरिडाला ऑफिशियल प्रिन्सेस लाइनमध्ये घेतलं तेव्हाच्या चित्रात कंबर बारीक, खांदे उघडे, ड्रेस चमचमता आणि धनुष्य गायब! मूळ दिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन यांनी उघड टीका केली, लोकांनी ऑनलाइन पिटिशनवर सह्यांचा ढीग लावला. शिवाय ग्रुपचं चित्र असलं की बऱ्याचदा प्रत्येकीची नजर वेगळीकडे, एकमेकींकडे कोणी बघतच नाही. पिक्चरमध्ये कमावलेलं सगळं डब्यावर येईपर्यंत पुसलं जातं.

रेटिंग : पिक्चर्सना पाचपैकी चार, वस्तूंना दीड. सुरुवात ब्रेव्ह आणि मोआनाने करा, अलादीन नंतर कधीतरी. मुलगे असतील तर त्यांनाही सोबत बसवा, हे फक्त मुलींचे पिक्चर नाहीयेत. आणि खरेदी करायचीच असेल तर धनुष्यवाली मेरिडा शोधा.