कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: उपयोजित गणिताच्या बीएस्सीला कितपत पुरतो?

या सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या खोक्यावर ४१७ फंक्शन्स लिहिलेली असतात. बीएस्सीला त्यातली फार तर वीस लागतात, आणि दुकानात दाखवतात ती नव्हेत. समीकरणं सोडवणारा मोड पाहून लोक खूश होतात. पण पेपरात मार्क पायऱ्यांना असतात, नुसत्या उत्तराला नाही.

आकडेमोडीने समीकरणांची जवळची उत्तरं काढणाऱ्या न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिसमध्ये खरी कामाची कळ म्हणजे शेवटचं उत्तर लक्षात ठेवणारी ‘अ‍ॅन्स’. क्ष³ − क्ष − १ = ० हे न्यूटन-रॅफसनने (आधीच्या अंदाजावरून पुढचा सुधारलेला अंदाज काढत जाण्याची पद्धत) सोडवायचं असेल तर आधी १.५ टाकून = दाबा. मग अ‍ॅन्स − (अ‍ॅन्स³ − अ‍ॅन्स − १) ÷ (३अ‍ॅन्स² − १) टाइप करा आणि = दाबत राहा. १.३४७८, १.३२५२, १.३२४७१८ आणि चौथ्यांदा १.३२४७१७९५७. प्रत्येक ओळ तशीच उत्तरपत्रिकेत उतरवायची. सॉल्व्ह कळही आतून न्यूटनचीच पद्धत वापरते, पण मधल्या पायऱ्या दाखवत नाही आणि सुरुवातीच्या किमतीनुसार एकच मूळ देते. पडताळणीपुरती ठीक.

गाउस-सायडेलला (अनेक चलांच्या समीकरणांत प्रत्येक चलाची नवी किंमत लगेच पुढे वापरत जाण्याची पद्धत) अपूर्णविराम वापरा (अल्फा आणि इंटिग्रलची कळ). बरोबरचं लाल चिन्ह अल्फा-कॅल्कने येतं.
ए=(१२−बी−सी)÷१० : बी=(१३−२ए−सी)÷१० : सी=(१४−२ए−२बी)÷१०
कॅल्क दाबा, विचारेल त्या चलाला ० द्या आणि = दाबत जा: १.२, १.०६, ०.९४८, पुढच्या फेरीत ०.९९९२, १.००५३६, ०.९९९०८८. मोड बदललात तर टाइप केलेलं सगळं जातं, म्हणून मध्येच मॅट्रिक्सकडे वळू नका.

सर्वांत जास्त मार्क जातात ते डिग्री-रेडियनच्या घोळात. क्ष = कॉस क्ष ची इटरेशन (आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालत जाणं) रेडियनमध्ये ०.७३९०८५ वर थांबते, डिग्रीत ०.९९९८५ वर. दोन्हीकडे आकडे छान स्थिरावतात, त्यामुळे शंकाही येत नाही. पेपर हातात पडण्याआधी शिफ्ट, मोड, ४ दाबून रेडियन लावा.

पडद्यावर १० अंक दिसतात, आत हिशेब १५ अंकांवर चालतो. (१ − कॉस क्ष) ÷ क्ष² मध्ये क्ष = १०⁻⁸ घातलं तर उत्तर शून्य येतं; खरं ०.५ च्या जवळ आहे. २ साइन²(क्ष/२) ÷ क्ष² असं लिहिलं की ०.५ मिळतं. राउंड-ऑफ एरर (पुढचे अंक तोडल्याने येणारी चूक) शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

मॅट्रिक्स ३×३ पर्यंतच, आणि आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स काही ठरावीक सदिशांना ज्या पटीने गुणते त्या किमती) थेट मिळत नाहीत. त्यासाठी ट्रेस (मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज), मुख्य मायनर्सची (कर्णावरच्या २×२ तुकड्यांच्या डिटरमिनंटची) बेरीज आणि डिटरमिनंट काढून घनसमीकरण बनवा. मुख्य कर्णावर २, त्याच्या लगत −१ आणि बाकी ० असलेल्या नेहमीच्या ३×३ मॅट्रिक्सला सहगुणक १, −६, १०, −४ येतात. मोड ५, मग ४ मध्ये ते भरले की २ आणि २ ± √२ च्या दशांश किमती मिळतात.

४×४ वारंवार लागत असेल तर थोडे जास्त पैसे घालून ९९१ईएक्स घ्या. त्यात ४५ ओळींची स्प्रेडशीटही आहे, इटरेशनच्या तक्त्यांना सोयीची. नवा ९९१सीडब्ल्यू घ्याल तर कळांची मांडणीच वेगळी आहे, इथल्या कळा तिथे जशाच्या तशा चालणार नाहीत. आणि गेट किंवा जॅम या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचा विचार असेल तर तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. त्याचा सराव माउसने वेगळा करा.