दुसरं व्हीएमसी घ्यावं की काम जॉबवर्कला द्यावं?

ऑर्डर वाढली, व्हीएमसी (धातूचे भाग कापून घडवणारं संगणकचालित मशीन) एकच आणि कस्टमरचा रोज फोन. भोसरीतल्या छोट्या मशीनशॉपच्या मालकाला हा पेच कधी ना कधी पडतोच: दुसरं मशीन घ्यावं की काम जॉबवर्कला द्यावं, म्हणजे मजुरी देऊन बाहेरच्या शॉपकडून करून घ्यावं.

आधी हिशोब मांडू. समजा कर्ज ४० लाखांचं, साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण ८६ हजार. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, ५० हजार. पीस निघो न निघो, महिन्याला १ लाख ३६ हजार जाणारच. इन्सर्ट (टूलची बदलायची धार), कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडायचा द्रव), वीज मिळून पीसमागे २७ रुपये धरा. तोच पीस बाहेर १५० रुपयांत होत असेल, तर महिन्याला ११०० पीसच्या खाली स्वतःचं मशीन महागात जातं. १५०० पीस निघाले तर पीस ११८ रुपयांना पडतो, ७००च निघाले तर २२१ला.

पण जॉबवर्कचा खर्च बिलावर दिसतो तेवढाच नसतो. आम्ही एकदा ५२ एच ७ बोअरचं, म्हणजे ५२ मिलीमीटरच्या नेमक्या मापाच्या भोकाचं, हाऊसिंग बाहेर दिलं होतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ३० मायक्रॉन. २०० नग परत आले, बोअर गेज घातला तर पहिल्याच ट्रेमध्ये नऊ बोअर मोठे! क्वालिटीचा मुलगा दोन दिवस एकेक नग तपासत बसला. कास्टिंग आमचं, आणि मोठं झालेलं बोअर काही लहान होत नाही. तेव्हापासून रफिंग, म्हणजे सुरुवातीची ढोबळ कापणी, बाहेर आणि नेमक्या मापाचं फिनिश बोअर घरात.

पैशांचंही बघा. जॉबवर्करची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. तुमचा कस्टमर ९० दिवसांनी देत असेल तर मधली रक्कम तुमच्या खिशातून. माल डिलिव्हरी चलनावरच पाठवा. जीएसटीच्या नियमाने तो वर्षाच्या आत परत यायला हवा.

दोन्हींच्या आधी मात्र एक दिवस घड्याळ घेऊन आहे त्या मशीनपाशी उभे राहा. आमच्याकडे सेटिंगला, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करायला, अडीच तास जायचे, कारण मशीन थांबवून मग टूल शोधणं सुरू व्हायचं. पुढच्या जॉबची ट्रॉली आदल्या शिफ्टला भरून ठेवायला लागलो, तर पाऊण तास वाचला. रोज एक सेटिंग धरली तर २५ दिवसांत, एका पीसला १२ मिनिटं धरून, ९०च्या वर पीस जास्त.

एवढं करूनही ११००च्या वर मागणी उरत असेल आणि कस्टमरचं शेड्यूल लेखी असेल, तर मशीन घ्या. तोंडी शब्दावर घेऊ नका. आणि बुकिंगआधी रात्रपाळीचा सेटर पक्का करा. वरचा सगळा हिशोब दोन शिफ्टचा आहे. एकाच शिफ्टमध्ये प्रत्यक्षात साडेसातशे पीस निघतात, आणि एक पगार वाचूनही पीस १७५ रुपयांना पडतो.